बातमीतला भामटा, दाखल्यावरचा भामटा

हिंजवडीचं नाव पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन कारणांनी वारंवार येतं. एक वाहतूक कोंडी, दुसरं ऑनलाइन फसवणूक. शेअर बाजारात जादा परताव्याचं आमिष, घरबसल्या 'टास्क' पूर्ण करून पैसे कमावण्याचा निरोप, 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत' असा खोट्या अधिकाऱ्याचा फोन, अशा जाळ्यात आयटी कंपन्यांतली शिकलेली माणसंही सापडतात. गुन्हा दाखल होतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि मथळ्यात बहुतेक वेळा एक ठरलेला शब्द असतो. सायबर भामट्यांनी अभियंत्याला गंडा घातला. भामट्याने लाखो रुपये लांबवले. पोलिसांच्या कागदावर त्या माणसाची नोंद 'अज्ञात आरोपी' अशी असते. तो कोण, कुठला, कोणती भाषा बोलतो, हे कोणालाच ठाऊक नसतं. ठाण्यातून बातमीच्या मथळ्यापर्यंत येता येता त्याचा भामटा होतो.

भामटा हे महाराष्ट्रातल्या एका समाजाचं नाव आहे.

राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत : बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद. या चौदांपैकी दोन नोंदींत 'भामटा' आहे. 'भामटा' या मुख्य नोंदीखाली आणखी काही नावं दिली आहेत. पाथरूट, टकारी, उचले आणि घंटीचोर ही त्यांतली. घंटीचोर हा शब्द शासनाच्या यादीत जातीचं नाव म्हणून छापलेला आहे आणि त्या नावाने दाखले निघतात. कर्नाटकातही हेच नाव अनुसूचित जातींच्या यादीत आहे. नोकरीच्या मुलाखतीला किंवा महाविद्यालयाच्या प्रवेशाला गेलेली मुलगी जो कागद टेबलावर ठेवते, त्यावर तिच्या नावाखाली 'चोर' ही अक्षरं असू शकतात. तो कागद खरा आहे अशी साक्ष सरकारी शिक्का देतो.

मराठीत 'भामटा' म्हणजे लबाड, फसवणारा, हातचलाखीने माल लांबवणारा. 'उचल्या' म्हणजे गर्दीत खिसा साफ करणारा. 'बेरड' म्हणजे निगरगट्ट, कितीही बोललं तरी ढिम्म न हलणारा. तिन्ही शब्द घराघरांत बोलले जातात आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कोणताही समाज नसतो. आईने हट्टी मुलाला बेरड म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढे बेळगाव-कोल्हापूरच्या सीमाभागातली बेरड वस्ती नसते. मात्र त्याच वस्तीतल्या मुलाला शाळेत हा शब्द ऐकावा लागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं घर असतं. एकाच शब्दाचं हे दुहेरी आयुष्य मराठीत निदान दीडशे वर्षं चालू आहे. ते असं का झालं, हे पाहण्यासाठी आधी ही माणसं काय काम करत होती ते पाहायला हवं.

टकारी हे नाव टाकीवरून आलं. दगडी जातं रोज फिरलं की त्याचे दात झिजतात आणि पीठ जाडंभरडं पडतं. मग छिन्नी-हातोडी घेऊन जात्याला टाकी लावणारा माणूस लागतो. पाथरूट हेही नाव दगडाच्याच कामाशी नातं सांगतं. ही माणसं गावोगाव फिरत कारण जात्याला टाके घालायची गरज एका गावात रोज पडत नाही. वस्ती केली तर उपाशी राहावं लागेल अशा त्या धंद्याला फिरणं भागच होतं. पिठाच्या गिरण्या आल्या तसा हा धंदा आटला. विदर्भातल्या भामट्यांची हकिगत आणखी वेगळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात त्यांनी भामट्यांना चोर म्हटलंच, शिवाय त्यांच्यातले बरेच जण तागाची शेती करतात हेही नोंदवलं. म्हणजे त्या काळात ज्याला भामटा म्हणत तो माणूस शेतकरीही असू शकत होता. भाषेने त्याच्या दोन ओळखींतली एकच उचलली.

चोऱ्या कोणी करतच नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. धंदा गेलेली, जमीन नसलेली, गावात मुक्काम करायलाही परवानगी लागणारी माणसं पोटासाठी चोरीकडे वळली. काही कुटुंबांत ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. याची कबुली याच समाजातल्या लेखकांनी आपल्या आत्मकथनांत दिली आहे आणि ती देताना काहीही झाकलेलं नाही. पण चोरी करणारी माणसं वाण्या-ब्राह्मणांत, मराठ्यांत, गोऱ्या सोजिरांतही होती. त्यांच्या जातीचं नाव चोरीला मिळालं नाही.

जात आणि गुन्हा यांची गाठ कायद्याने बांधली ती १८७१ साली. क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट मंजूर झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचं खातं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होतं. कायद्यामागचा युक्तिवाद जातिव्यवस्थेवरूनच घेतलेला होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार आणि काही जमातींचा वंशपरंपरागत धंदाच गुन्हा असणार, असं गृहीत धरलं गेलं. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याचं शेवटचं एकत्रित रूप आलं. जमातीचं नाव राजपत्रात आलं की त्यातल्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी पोलीस पाटलापुढे किंवा ठाण्यात हजेरी लागे. परगावी जायचं तर पास लागे. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती.

या सगळ्याच्या मधोमध रेल्वे होती. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे पुण्याच्या बाजूला १८५८ साली धावू लागली आणि बोरघाटाचा अवघड टप्पा १८६३ साली खुला झाला. घाटातल्या त्या कामावर एकेकाळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. माती खणणं, भराव टाकणं, दगड फोडणं ही वडारांची पिढीजात कामं. रेल्वेच्या बांधकामांवर वडारांच्या टोळ्या ठिकठिकाणी असत आणि इंग्रज अभियंते त्यांच्या कामाचं कौतुक करत. भामटा हा शब्द रेल्वेतल्या चोराला चिकटला तोही याच रेल्वेमुळे. १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर एक पुस्तक काढलं. एकेक जमात घ्यायची, तिचा पेहराव, बोली, मुलूख, सोंगं आणि गुन्ह्याची पद्धत सांगायची आणि तिला कसं ओळखावं हे शिपायाला शिकवायचं, असं त्याचं स्वरूप. भामटे आणि उचले तिथे आगगाडीत प्रवाशांचं सामान लांबवणारे म्हणून येतात. अशा पुस्तकांवर पोलिसांच्या पिढ्या घडल्या. स्थानकावर सामान गेलं की कोणाकडे बघायचं हे शिपायाला आधीच शिकवलेलं असे. शिपायाचा शब्द बातमीदाराकडे गेला आणि बातमीदाराचा वाचकाकडे. आज हिंजवडीच्या बातमीत येणारा 'भामटा' याच वाटेने चालत आला आहे.

पुण्याच्या आसमंतात या गोष्टीचा आणखी एक जुना धागा आहे, रामोशांचा. मावळ-मुळशी, पुरंदर, खेड या भागांत गावाची राखण हे रामोशांचं काम होतं आणि त्याबद्दल त्यांना वतन किंवा धान्य मिळे. गडांच्या पहाऱ्यावरही ते असत. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात ही वतनं आणि हक्क आक्रसले. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक यांचं बंड तिथून उभं राहिलं. त्यांना पकडून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आलं. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या मोहिमेवर असलेले कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३३ साली रामोशांवर पुस्तक लिहिलं. इंग्रजांच्या लेखी रामोशी म्हणजे दरोडेखोर. त्याच वेळी पुणे कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवर पहारेकरी म्हणून मुद्दाम रामोशीच ठेवला जाई, कारण रामोशी राखणीला असला की चोरी होत नाही हा अनुभव होता. राखणदार आणि चोर ही दोन्ही नावं एकाच माणसाला एकाच शहरात, एकाच काळी मिळत होती. कोणतं टिकलं, हे १८७१ नंतरच्या कागदांत दिसतं.

गुन्हेगार जमातींच्या या कायद्याखाली सोलापुरात तारेचं कुंपण घातलेली मोठी वसाहत उभी राहिली. लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत. आतली माणसं दिवसा कापडगिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी हजेरीला परत येत. गिरण्यांना स्वस्त मजूर मिळाले आणि सरकारला सुधारणेचं श्रेय मिळालं. विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणीही वसाहती होत्या. मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा आपल्यापुरता रद्द केला आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या संघटना ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन पाळतात. पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी आलेलं स्वातंत्र्य, असं कार्यकर्ते भाषणांत सांगतात आणि ऐकणारे ते मोजून पाहतात. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' नावाच्या वस्त्या आहेत. पत्त्यात हे नाव लिहिणाऱ्या तिथल्या कित्येक नव्या रहिवाशांना 'फ्री' म्हणजे कशातून मोकळं, याचा पत्ता नसेल.

कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नव्हतं, व्यक्तीचं होतं. पण ठाण्यातल्या जुन्या नोंदवह्या त्याच होत्या आणि रात्री गस्तीला जायच्या वस्त्याही त्याच. १९९८ साली बारामतीत एका पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालात एका शबर तरुणाचाही तसाच अंत झाला होता. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला. राष्ट्रीय पातळीवर बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला, पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचे.

या सगळ्याच्या आधीच मराठी साहित्यात एक मोठी गोष्ट घडली होती. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ' आलं. १९८७ साली लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आलं आणि पुढच्याच वर्षी त्यालाही अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांचं 'बेरड' त्याच काळातलं. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं.

ही शीर्षकं नीट पाहावीत. गस्तींना आपल्या पुस्तकाला देवाचं, गावाचं, आईचं नाव देता आलं असतं. त्यांनी निवडलं ते लोक शिवी म्हणून वापरतात ते. गायकवाडांनी तसंच केलं. ज्या शब्दाने शाळेत, बाजारात, ठाण्यात बोलावलं गेलं तोच त्यांनी मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी छापला. वाचकाला दुकानात पुस्तक मागताना तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. 'उचल्या'चा इंग्रजी अनुवाद मात्र 'द ब्रँडेड' या नावाने निघाला. डाग दिलेला, शिक्का मारलेला. अनुवादकाची अडचण समजण्यासारखी आहे, कारण इंग्रजीत उचल्या म्हणजे कोणीच नाही. तरी मूळ शीर्षकातला धक्का त्यात राहिला नाही. मराठी शीर्षकात लेखक म्हणतो, हे नाव माझं आहे, बोला आता. इंग्रजी शीर्षकात त्याच्यावर काय केलं गेलं एवढंच कळतं.

युरोपातल्या रोमा लोकांची गोष्ट इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे कारण ती मुळात इथूनच निघालेली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून निघालेल्या समूहांचे हे वंशज. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेची हिंदुस्थानी भाषांशी तुलना केली आणि हे नातं उघड झालं. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, माणसाला 'मनुष', नाकाला 'नख', काळ्याला 'कालो'. 'रोम' हा शब्द 'डोम' याच शब्दाचं रूप असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच डोम-डोंब, ज्याच्यावरून आपल्याकडे डोंबारी हा शब्द आला आणि ज्याला आपण 'डोंबाऱ्याचा खेळ' या वाक्प्रचारात राजकारणाची टवाळी करायला जुंपतो. युरोपीय लोकांना ही माणसं इजिप्तहून आली असं वाटलं, म्हणून इंग्रजीत त्यांना जिप्सी म्हणू लागले. त्या नावावरून इंग्रजीत 'जिप' हे क्रियापदही झालं, अर्थ फसवणं, लुबाडणं. म्हणजे मराठीने भामट्याचं केलं तेच इंग्रजीने जिप्सीचं केलं. जर्मन भाषेतला 'त्सिगॉयनर' हा शब्द तर त्याहून भयंकर जागी पोचला. ऑश्विट्झच्या छळछावणीत रोमा आणि सिंती कैद्यांच्या हातावर क्रमांकाआधी त्या शब्दाचं पहिलं अक्षर गोंदलं जाई. नाझींनी मारलेल्या या लोकांचं स्मारक बर्लिनमध्ये उभं राहायला २०१२ साल उजाडलं.

एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळच्या ऑर्पिंग्टन इथे पहिली जागतिक रोमा परिषद भरली. बाहेरच्यांनी दिलेली नावं नाकारून 'रोमा' हे स्वतःचं नाव तिथे स्वीकारलं गेलं. निळ्या-हिरव्या ध्वजावर सोळा आऱ्यांचं तांबडं चक्र आलं ते हिंदुस्थानाशी असलेल्या नात्याची खूण म्हणून. पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. इंग्लंडमधले बरेच रोमानी लोक आजही स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात आणि तिथल्या २०११ च्या जनगणनेत जिप्सी हा शब्द रकान्यात होता. २०२१ मध्ये त्याच्या जोडीला रोमा हा वेगळा रकाना आला. स्पेनमध्ये 'हितानो' हे नाव तिथल्या लोकांनी कधी टाकलंच नाही. जर्मनीत मात्र क्नोर कंपनीने २०२० साली आपल्या 'त्सिगॉयनर सॉस'चं नाव बदललं. बाटलीतला मसाला तोच राहिला, चिठ्ठी बदलली. यावर तिथे बरीच कुरकुर झाली की एवढ्याने काय होणार. ज्यांच्या आजोबांच्या हातावर ते अक्षर होतं त्यांना जेवणाच्या टेबलावर तो शब्द पुन्हा वाचावा लागू नये, एवढं झालं आणि ते थोडं नाही.

मराठी वाचकाला जिप्सी हा शब्द भेटला तो अगदी वेगळ्या वेशात. मंगेश पाडगावकरांचा 'जिप्सी' हा कवितासंग्रह १९५० च्या दशकातला. तेव्हापासून मराठी मनात जिप्सी म्हणजे मोकळा, मुक्त, वाऱ्यासारखा माणूस. त्या काळात याच महाराष्ट्रातली भटकी माणसं पालं उचलून एका गावाहून दुसऱ्या गावाला हाकलली जात होती. दूरच्या भटक्याला कवितेत जागा मिळाली आणि जवळच्या भटक्याला गावाबाहेरही मिळेना. कवीचा यात दोष नाही. लांबून प्रेम करणं सोपं असतं म्हणून ते नाव इतकं रुळलं.

भामटा या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न इथेही वाटतो तितका सरळ नाही. विमुक्त जातीचा दाखला मिळवायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपलं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि त्याची जात अमुक होती, याचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. तिथे मास्तरांनी जातीच्या रकान्यात 'भामटा' लिहिलं असेल तर नातवाला आरक्षण मिळतं. लाजेखातर 'पाटील' किंवा नुसतं 'हिंदू' लिहिलं असेल तर पडताळणी समितीपुढे वर्षानुवर्षं खेटे पडतात. ज्या शब्दाने अपमान झाला तोच शब्द कागदावर सापडावा म्हणून माणसं जुनी रजिस्टरं धुंडाळतात. हा भामटा शब्द उद्या यादीतून काढला तर कागदांची साखळी तुटते.

२०२३ साली हा प्रश्न चव्हाट्यावर आला. 'राजपूत भामटा' या नावातला 'भामटा' काढावा ही राजपूत समाजातल्या काही संघटनांची मागणी होती आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तशी घोषणा केली. भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी, विशेषतः बंजारा समाजातल्या नेत्यांनी, तिला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भामटा हा शब्द गेला की उरतं ते फक्त 'राजपूत'. मग विमुक्त जातींसाठी असलेल्या तीन टक्के आरक्षणात कोणीही राजपूत दाखला घेऊन शिरेल. खोट्या दाखल्यांच्या तक्रारी त्याआधीपासून होत्याच. जो शब्द आपल्याला नको आहे तो राखण्यासाठी भांडावं लागणं, याहून कोंडीची अवस्था कोणती. तरीही या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. यादीतल्या नावाचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या दाखल्यावर ते आहे त्यांचा आहे. ते ठेवायचं, बदलायचं की त्याला दुसरं नाव जोडायचं, यावर त्यांच्यात मतभेद असतील आणि ते त्यांनीच मिटवायचे आहेत.

सरकारने काही ठिकाणी वेगळा मार्ग धरला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक नावांच्या वस्त्यांना समतानगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. पुण्यात सेनापती बापट रस्त्याच्या बाजूची वडारवाडी मात्र अजून वडारवाडीच आहे. तिच्या रहिवाशांनी दगड फोडून हे शहर बांधलं आहे आणि हे नाव टिकावं असं त्यांतल्या काहींना वाटलं तर ते स्वाभाविक आहे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात रामोशी आणि वडार समाजांसाठी आर्थिक विकास महामंडळं जाहीर झाली, त्यांना राजे उमाजी नाईक आणि पैलवान मारुती चव्हाण यांची नावं दिली गेली. जातीचं नाव आहे तसं ठेवायचं आणि त्याच्याशेजारी आपला माणूस उभा करायचा, ही तऱ्हा अनेकांना पटलेली दिसते.

हिंजवडीपासून फार लांब नाही अशा चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी सुरू केलेलं गुरुकुल आहे. तिथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतली मुलं शिकतात, त्यांच्या घराण्यांतली लोहारकाम, औषधी वनस्पती यांसारखी कौशल्यंही तिथे शिकवली जातात. प्रभुणे यांच्या पारध्यांवरच्या पुस्तकाचं नाव 'पारधी' असंच आहे. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजाची मोठी वस्ती आहे. याच समाजातल्या तरुणांनी २०१८ साली नववधूच्या कौमार्य चाचणीच्या रूढीविरुद्ध मोहीम उघडली, मार खाल्ला आणि ती पुढे नेली. त्या काळात वृत्तवाहिन्यांनी 'कंजारभाट' हे नाव पहिल्यांदाच मोठ्याने, आणि तेही फक्त त्या रूढीच्या संदर्भात, उच्चारलं. मोहीम चालवणारी मुलंही कंजारभाटच होती, हे बातम्यांत बरंच खाली असायचं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. 'सराईत गुन्हेगार' म्हणजे विमुक्त जमातीतला माणूस असं सुचवणाऱ्या व्याख्याही गेल्या आणि विमुक्तांना मनमानी पद्धतीने अटक करू नये असं पोलिसांना बजावलं गेलं. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं उलटल्यावर सरकारी पुस्तकांतली ही वाक्यं खोडावी लागली. वर्तमानपत्रांच्या शब्दांना मात्र असा कोणताही निकाल लागू होत नाही. तो निर्णय वृत्तसंपादकाच्या टेबलावर, मथळा लावताना, रोज रात्री घ्यायचा असतो.

आणि तो घेणं अवघड नाही. मराठी वर्तमानपत्रांनी 'महारोगी' हा शब्द टाकला, 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आणला. त्यात मथळ्याची लांबी वाढली म्हणून कोणाचं अडलं नाही. फसवणाऱ्याला मराठीत शब्दांची वाण नाही : लबाड, चोरटा, तोतया, ठकसेन. ओळख पटली नसेल तर 'अज्ञात आरोपी' हा पोलिसांचाच शब्द आहे, तो अचूकही आहे. एखादा संपादक म्हणेल की आजच्या वाचकाला भामटा ही जात आहे हेच माहीत नाही, मग दुखावतं कोणाला. ज्याला माहीत आहे त्याला. ती मुलगी हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत प्रकल्पावर काम करत असेल, सकाळी बसमध्ये मोबाइलवर बातमी वाचत असेल आणि तिच्या फायलीत तो दाखला असेल. तिच्या सहकाऱ्यांना तिची जात ठाऊक नसेल आणि ती ठाऊक होऊ नये याची काळजी तिला रोज घ्यावी लागत असेल.

तुमची जात कोणती, हा प्रश्न लवकरच घरोघरी विचारला जाणार आहे. येत्या जनगणनेत जातीची नोंद होईल असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि लोकसंख्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ हा दिनांक ठरला आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी १९३१ साली झाली होती, इंग्रजांच्या हातून, गुन्हेगार जमातींचा कायदा लागू असताना. भटक्या-विमुक्तांच्या संघटना स्वतंत्र रकाना मागत आहेत, कारण तसा नसेल तर या समाजांचा आकडा इतर मागासांच्या मोठ्या बेरजेत बुडून जाईल. मोजणी करणारी शिक्षिका लातूर, सोलापूर किंवा पुण्याच्या एखाद्या वस्तीत दारात उभी राहून जात विचारील तेव्हा त्या घरातल्या माणसांना टकारी, पाथरूट, उचले, भामटा यांतलं एक नाव सांगावं लागेल. कोणतं सांगायचं, याच्या बैठका संघटनांनी आत्तापासून घ्यायला हव्यात. वेगवेगळ्या घरांनी वेगवेगळी नावं सांगितली तर समाजाचा आकडा चार ठिकाणी विखुरला जाईल आणि एकाही ठिकाणी तो पुरेसा दिसणार नाही.